झाकणाचा खडक

प्रिय चिमे,

फोनवर मी नुसतं हं-हं करत होते म्हणून तू चिडलीस. चिडणारच. पण आप्पा तुझ्या शेजारी कान देऊन बसले होते, आणि जे सांगायचं होतं ते त्यांच्या देखत माझ्या तोंडून निघेना.

गुडघ्यांमुळे त्यांची खाट घराच्या अगदी खालच्या खोलीत हलवलीस तेव्हा, बरं केलंस, असं मीच म्हणाले होते. आता ते म्हणणं मी परत घेतेय.

तुमच्या गावाखाली कारखान्यांतून निघणारा कार्बन डायऑक्साइड वायू पुरताहेत, हे तुला ठाऊकच आहे. खोलवर वाळूचा खडक आहे, दिसायला घट्ट, आतून बारीक छिद्रांचा. त्या छिद्रांतलं खारं पाणी सारून वायू आत शिरतो. तो वर येऊ नये म्हणून त्यावर चिकणमातीचा खडक आहे, झाकणासारखा. ते झाकण गळतं का हे बघायचं काम आमच्या प्रयोगशाळेचं, म्हणजे माझं. त्याचे तुकडे यंत्रात घालून मी दाबाने वायू ढकलून पाहिला. पलीकडून काही आलं नाही. मग आप्पांनी चहाच्या दुकानात सगळ्यांना ऐकवलं, "आमच्या थोरलीने मोजलाय तो खडक. झोपा निवांत." तू हे सांगितलंस तेव्हा मी पोट धरून हसले होते.

गोची अशी की यंत्रात धड तुकडाच बसतो. फुटलेले आम्ही बाजूला टाकतो. खोलातून वर काढताना दगडावरचा भार जातो नि तो तडकतो, असं सगळेच धरून चालतात, मीही चालले. परवा फुटक्यांचं खोकं आवरत होते, तर एका भेगेत पांढरे खडे चमकले. भेगेतून वर्षानुवर्षं पाणी झिरपल्याशिवाय असे खडे धरत नाहीत. म्हणजे भेग आमच्या हातून पडलेली नाही, खालीच होती. सगळं खोकं भिंगाखाली घातलं. काही भेगा त्या खड्यांनी बुजल्यात, काही उघड्याच आहेत, वायूला वर यायला वाट.

साहेबांना दाखवलं. माणूस वाईट नाही. दुसऱ्या प्रयोगशाळेकडून खात्री होऊ दे, तोवर उगाच बोभाटा नको, म्हणाले. खाली वायू सोडणं मात्र चालूच आहे. कदाचित काहीच होणार नाही, चिमे. पण वायू वर आलाच तर तो हवेपेक्षा जड, सखल जागी साचतो, माणूस त्यात गुदमरतो, आणि त्याला वास नाही की रंग नाही. मला भीती वाटतेय. आप्पांना त्या खालच्या खोलीतून आजच वर हलव. शेजाऱ्यांनाही सांग, माझं नाव घेऊन सांग. नोकरीचं काय ते बघू.

आप्पा तुझं ऐकायचे नाहीत. कुणी काही म्हटलं की ते माझंच नाव पुढे करतात, मग ब्रह्मदेव आला तरी हलत नाहीत. म्हणून हे पत्र, बसच्या ड्रायव्हरच्या हाती पाठवतेय. माझं अक्षर ते ओळखतात. पुढचं त्यांच्या खाटेशी बसून मोठ्याने वाच.

आप्पा, विहिरी खणायच्या दिवसांत तुम्ही आधी दोरीने कंदील सोडायचात. तो विझला की कारण विचारत बसायचा नाहीत, माणसं बाहेर ठेवायचात. खडक थोरलीने मोजला होता. तिचं मोजणं चुकलं. आता तीच सांगतेय, वर या.

तुझीच,
ताई