न आलेला वास

२० सप्टें. २००९, पोलादपूर
ताप गेला. चौदा दिवस माडीवर एकटा, ताट दाराबाहेर. स्वाइन फ्लू म्हटल्यावर शेजारीपाजारी आमच्या अंगणातून जायचेही बंद झाले होते. बायको म्हणते, जिवावरचं नाकावर निभावलं. नाक अजून बंदच. चहा म्हणजे नुसतं गरम पाणी.

३ ऑक्टो.
महाडला डॉक्टरांकडे. "येईल वास महिन्याभरात, गुरुजी." घरी येऊन उदबत्ती नाकाशी धरली. मिशी जळाली, वास शून्य.

१६ नोव्हें.
दिवाळीची सुट्टी संपली. कापडे गावाच्या पुढे वाडीवरची आमची दोन शिक्षकी शाळा, त्यात पाटीलबाई बाळंतपणाच्या रजेवर. चारही वर्ग माझ्या गळ्यात, शिवाय खिचडी. मुलांना वाढण्याआधी मास्तरने चाखायची, वहीत चव-वास लिहून सही करायची. मीठ कळतं, तिखट झोंबतं. बाकी अंदाजपंचे. रोज 'चांगला' लिहितो.

२९ नोव्हें.
दूध करपून कोळसा झालं. मी शेजारीच पेपर वाचत. बायको, सुनीता, धावत आली, "अहो, घरभर करपल्याचा वास, आणि तुम्ही...?" मग तिला सगळं सांगितलं, वास अजून आलेला नाही, खिचडीच्या वहीत अंदाजाने लिहितो.
"केंद्रप्रमुखांना कळवा. पोरांच्या पोटाचा प्रश्न आहे."
कळवतो म्हटलं. पण कळलं की लोक म्हणतील, मास्तरचा रोग अजून आहेच. सप्टेंबरात निम्म्या आयांनी पोरं घरी ठेवली होती. पुन्हा तसं झालं तर मला सोसायचं नाही. या सोमवारी नक्की. किंवा पाटीलबाई आल्या की...

१० डिसें., गुरुवार
तेलाचा नवा डबा फोडला. पारूबाई, खिचडी करणारी, पळी घेऊन वर्गात आली. "गुर्जी, ह्या तेलाला कसला वास येतोय वो? माजा मार्गशीर्षाचा उपास हाय, मी चाखायची नाय. तुमीच बघा."
हुंगलं. थेंब जिभेवर घेतला. चार वर्ग बघत होते. मला कळत नाही असं म्हणायला जीभ रेटेना. म्हटलं, "काही नाही, नव्या डब्याचा असेल."
"तुमी बोलता म्हंजे बरा असंल."
चौथीतली कविता ताट सरकवून बसली. "वास मारतोय, गुर्जी." डोळे वटारले मी तिच्यावर. अन्नाला नावं ठेवतात का? खाल्लं बिचारीने, मान खाली घालून.

११ डिसें., पोलादपूर, सरकारी दवाखान्याचा व्हरांडा
पहाटेपासून जीप भरभरून येताहेत. सतरा पोरं. ओकाऱ्या थांबत नाहीत. कविताला महाडला हलवलं.
डॉक्टरांनी विचारलं, "कालच्या जेवणाला वेगळा वास होता का? नीट आठवून सांगा, त्यावर औषध ठरेल."
सगळे आईबाप माझ्याकडे बघत होते.
"मला नाही आला," म्हटलं.
"मग पाणीच असणार." नर्सला काहीतरी सांगत ते आत गेले.
पारूबाई दाराशी उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, डॉक्टर गेले त्या दाराकडे पाहिलं. तोंडाला पदर लावला. आजही माझाच मान राखला तिने.
आतल्या खोलीपर्यंत दहा पावलं असतील. मी लिहीत बसलोय.