मालनबाईंच्या हॉटेलातला चहा

१२ जानेवारी १९७६, जाफराबाद

लागला एकदाचा! स्टँडजवळच्या पत्र्याच्या हॉटेलात आज बाबासाहेबांचा फोटो. हॉटेल मालनबाईंचं — आपल्यातल्याच, विधवा आहेत, चहा-भजी करतात. माझ्या डोळ्यांदेखत दोन गिऱ्हाईकं आत शिरली, फोटो बघितला आणि काहीतरी विसरल्यासारखं करून माघारी फिरली. आत जावंसं फार वाटलं. खाली मान घालून पुढं निघून आलो.

१५ जानेवारी

कारण लिहूनच टाकतो. इथं कोण वाचतंय! खोली बघायला आलो तेव्हा घरमालकीण साळूबाईंनी विचारलं, "आमच्यातलेच ना, गुरुजी?" माझं आडनाव दोन्हीकडं चालतं. मी मान डोलावली. तेव्हापासून रोज सकाळी गरम भाकरी. "पोरासारखेच तुमी," म्हणतात — तो घास कसा उतरतो ते माझं मला ठाऊक! शाळेत फक्त हेडमास्तरांना माहीत आहे, ते तोंड उघडत नाहीत.

आई कधीची येते म्हणते. कशी बोलावू? गल्लीत शिरल्याबरोबर ती पहिल्या माणसाला मोठ्यानं जय भीम घालील. मग खोली गेलीच! आणि या गावात मला दुसरी कोण देणार?

२ फेब्रुवारी

आमचे रामकिसन सर! भल्या शेतीवाल्या घरचे, आणि हल्ली सुधारक. मधल्या सुट्टीत भाषण — "आपल्यासारख्यांनी मालनबाईकडंच च्या प्यायला पायजे. तिचं हॉटेल चाललं पायजे बराबर!" मग माझ्याकडं वळले. "गुरुजी, तुमी कधी दिसत न्हाई तिथं. काय करून राह्यले? शिकून बी मनातली जात जाईना व्हय?"

मला! हे मला ऐकवलं! हसावं की भिंतीवर डोकं आपटावं?

३ फेब्रुवारी

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

९ फेब्रुवारी

गेलो शेवटी. सरांनी सगळ्या मास्तरांना वऱ्हाडासारखं मिरवत नेलं. बाईंना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं समतेवर बोलत होते. बाई बिचाऱ्या भजी तळत होत्या. चहा झकास, आलं घातलेला. समोर फोटो, कानावर घरची बोली — किती दिवसांनी सैल होऊन बसलो! तिथंच भान सुटलं. चहा संपला तसा उठलो, रांजणाजवळ गेलो, कप विसळला आणि भिंतीच्या कडेला पालथा घातला.

लहानपणी गावच्या हॉटेलात आम्हांला हेच करावं लागे. आमचा कप वेगळा, बाहेर वळचणीला. पिऊन झालं की आपणच धुवायचा. हाताची सवय मेली नाही अजून!

सगळे माझ्याकडंच बघत होते. संपलो, म्हटलं. तर रामकिसन सर टाळ्या पिटत उठले! "बघा! ह्याला म्हंतेत समता! बाईला कप बी उचलू दिला न्हाई!" मग काय, एकेकानं हसत उठून आपापला कप धुतला.

मालनबाई तेवढ्या हसल्या नाहीत.

१० फेब्रुवारी

आज एकटाच गेलो.

"कोन्या गावचे, दादा?"

"आष्टीकडचा."

चहा ढवळता ढवळता त्या हळूच म्हणाल्या, "इथं कप धुऊ नका. तो धुवायचा न्हाई म्हनून तर म्या हॉटेल टाकलं."

लाजेनं मेल्यासारखं झालं. पण दादा म्हणाल्या, ते बरं वाटलं.

१४ फेब्रुवारी

सर खोलीवर आले होते. मी नको-नको म्हणतोय तरी ओट्यावर बसून साळूबाईंना कपाची गोष्ट सांगितली, हातवाऱ्यांसकट! केवढं ते कौतुक! साळूबाईंचे गहू निवडणारे हात थांबले.

"धुऊन पालथा घातला?" एवढंच विचारलं त्यांनी.

"व्हय, भिंतीच्या कडंला!" सर खुशीत घरी गेले. मी आत येऊन कडी लावली.

१५ फेब्रुवारी

आज साळूबाईंनी भाकरी वरून टाकली. वीतभर अंतर ठेवून, माझ्या ओंजळीत.

दुपारी स्टँडवर जाऊन आईला निरोप धाडला — ये म्हणावं. कुठं, ते अजून ठरलं नाही.