चॉकलेटची साल

मंचर, मंगळवार दुपार

ती. सौ. नीलमजीजीस,

धाकट्या पारसचा जय जिनेंद्र. जिजाजींचे गुडघे थोडे ऐकायला लागले असतील, नातवाला दात आले असतील आणि जुन्नरला नळाला पाणी असेल, असं धरून चालतो. इकडचं विचारशील तर मी उभा आहे, एवढंच. (बसलो की उठवत नाही.) हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण आपल्या घरात फोन स्पीकरवर असतो आणि स्पीकरला कान लावून आई असते. म्हणून ही चिठ्ठी सोपानच्या टेम्पोतून पाठवतोय.

आईचा ताप उतरला हे तुला कळवलंच होतं. पण जाताना तो तोंडाची चव घेऊन गेला. बारा दिवस ती दोन घास खिचडीवर होती. डॉक्टर म्हणाले, मागतील ते द्या. तर आईने मागितलं काय? आमची सिद्धी सुट्टीत आली की खाते ती काडीवरची काळी कुल्फी! म्हणजे चॉकोबार. एकोणऐंशी वर्षांत तोंडाला न लावलेली वस्तू. बाहेरची चालणार नाही (त्यात कोण काय घालतं कुणास ठाऊक), आदल्या दिवशीची चालणार नाही, आणि सूर्य मावळल्यावर तर ती पाणीसुद्धा घेत नाही. म्हणजे सकाळी आटवलेलं दूध संध्याकाळच्या आत काडीवर गोठून उभं राहिलं पाहिजे. सिद्धीची आई नेमकी माहेरी, वारूळवाडीला. आणि मी जन्मभर दुकानात कापड फाडलेला माणूस.

पहिल्या दिवशी काड्याच मिळेनात. शेवटी डॉक्टरांनी घसा बघायच्या लाकडी पट्ट्या दिल्या, मूठभर. दूध आटवलं, साखर-साय घातली, स्टीलच्या फुलपात्रांत ओतलं. आपल्या फ्रीजरमध्ये मटार कोंबलेले, म्हणून फुलपात्रं वरच्या अंबाबाईंच्या नव्या फ्रीजमध्ये ठेवली. दुपारी लाइट गेली. मी दर दहा मिनिटांनी जिना चढून दार उघडून बघायचो. शेवटी अंबाबाई फ्रीजला पाठ लावून उभ्याच राहिल्या. "भाऊ, सारखं उगडून बगू नका राव! हाय न्हाई तो गारवा बी जातोय." संध्याकाळी गोड दूध निघालं. ते आईने दोन घोट घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

दुसऱ्या दिवशी गोठलं. मी खुशीत ते उकळत्या चॉकलेटमध्ये बुडवलं. जीजी, आत गेलं आइस्क्रीम, वर आली नुसती पट्टी. पुण्याहून सिद्धी फोनवर म्हणाली, "पप्पा, चॉकलेट आधी कोमट होऊ द्यायचं. आणि चमचाभर खोबरेल घाला, म्हणजे पातळ राहतं." कुठलं खोबरेल, हे तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा ताजं दूध गोठवलं आणि चॉकलेटसाठी आरशाजवळची बाटली घेतली. घरभर मोगऱ्याचा वास सुटला. ते चॉकलेट टाकून दिलं, दुसरी वडी आणायला चौकात धावलो, तर हायवेची गर्दी ओलांडण्यातच अर्धा तास गेला.

परत आलो तेव्हा ऊन समोरच्या गच्चीवर चढलेलं. चॉकलेट वितळवलं, परातीत गार पाणी घालून त्यात भांडं फिरवत निववलं, आणि एक कांडी बुडवून वर काढली. क्षणात वरचं चॉकलेट कडक झालं. काळं, चकचकीत, दुकानात असतं तसं! मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. ताटलीत घेऊन पळत आईजवळ गेलो.

तिने आधी भिंग मागितलं. वेष्टनावर हिरवा ठिपका आहे का, म्हणाली. मी कचऱ्याच्या डब्यातून वेष्टन काढलं, धुतलं, दाखवलं. खिडकीतलं ऊन जात होतं. मग तिने नखाने वरचं चॉकलेट उकललं, उकडलेल्या बटाट्याची साल काढावी तसं (आपल्या घरात बटाटा कुठला, पण तुला कळलं), ताटलीच्या कडेला नीट रचलं आणि आतलं आइस्क्रीम शेवटपर्यंत खाल्लं. सगळं!

"बरं झालंय रे. साल तेवढी कडू आहे," म्हणाली. आणि उजेड आहे तोवर चतकोर भाकरी मागितली. बारा दिवसांत पहिल्यांदा.

मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्यापाशी उभ्या उभ्या ती साल खाल्ली. चांगली झाली होती.

तुझा,
पारस

ता. क. : आता आई व्यवस्थित जेवते. तरी तू दोन दिवस येऊन जा. मध्ये एका दुपारी ती हाक मारूनही उठली नव्हती. गाढ झोपली होती, इतकंच. पण तेव्हा मी फार घाबरलो. हे कुणाला बोललो नाही.

दुसरा ता. क. : चिठ्ठी आईने हिसकावून भिंग लावून वाचली. ती लिहायला सांगते की पारस उगाच घाबरतो, नीलमने धावत यायची गरज नाही. (तरी ये.) आणि तुला मटका कुल्फी येते का, असं विचारते. हात जोडतो, नाही म्हणून कळव.