सीमेवरचा एक तास

ग्रोनिंगन, रविवार

प्रिय जुई,

फोनवर तू डचमध्ये बोलतेस, मी मराठीत, आणि आपलं छान चालतं. पण हे लिहूनच सांगावंसं वाटलं. सावकाश वाच. एखादा शब्द अडला तर आईला विचार.

परवा आमच्या रेल्वे-बस वेळापत्रकांच्या समितीचं काम संपलं. डिसेंबरपासून आपल्याकडची, नेदरलँड्सची गाडी सीमेवरच्या त्या छोट्या स्टेशनात पोचेपर्यंत जर्मनीची बस थांबणार. आई आणि मी वेगळे झालो, ती नोकरीसाठी तुला घेऊन जर्मनीत ओल्डेनबुर्गला गेली, तेव्हा तू दुसरीत होतीस. सुट्टीला तू माझ्याकडे आलीस की रविवारी दुपारी मी तुला सीमेपर्यंत आणून सोडायचं असं ठरलं होतं. आपली गाडी स्टेशनात शिरायची आणि समोरून बस निघून जायची. पुढची तासाभराने. तिच्यातून आई यायची आणि त्याच बसने तुला घेऊन परत जायची. लोक त्या वेळापत्रकाला शिव्या घालायचे. मीही तोंडदेखल्या घालायचो, पण मला तो तास हवा असायचा. गूळ-तूप लावलेली पोळीची गुंडाळी खात तू शाळेतली भांडणं सांगायचीस, अर्धी मराठीत, अर्धी डचमध्ये. वारा सुटला की माझ्या कोटात शिरायचीस. एकदा बस जरा लवकर आली, तर तू म्हणालीस, "बाबा, हिला परत जायला सांग ना."

मी तसा सॉफ्टवेअरवाला. दोन्ही देशांची वेळापत्रकं एकत्र जुळवायची म्हणून मला त्या बैठकांना बसवलं. अडचण एवढीच की बस गाडीसाठी थांबली, तर तो उशीर कोणत्या देशाच्या नावावर मांडायचा? त्यावर दोन हिवाळे गेले. शेवटी आमच्यातलाच एक अधिकारी कंटाळून म्हणाला, "पण तिथं उतरतं तरी कोण?" मी बैठकीत सहसा बोलत नाही. त्या दिवशी म्हणालो, "मी उतरायचो. माझ्या मुलीला घेऊन." मग जर्मनीच्या यान्सेनबाईंनी हळूच विचारलं, "आता केवढी आहे ती?" म्हटलं, "कॉलेजात जाते." त्या म्हणाल्या, "मग आपण घाई करायला हवी." उन्हाळ्यात ठरलं, उशीर दोन्ही देशांनी निम्मा-निम्मा वाटून घ्यायचा.

आपला तो तास आता कुणाच्याच वाट्याला येणार नाही, याची मला थोडी हुरहूर लागली आहे. पण लिहायला बसलो ते त्यासाठी नाही. इतकी वर्षं मी त्या स्टेशनावरून नेहमी परतीचीच गाडी धरली. पलीकडची तुझी शाळा, तुझ्या मैत्रिणी, तुझा रस्ता, सगळं मला ऐकूनच माहीत. ते आईचं घर, तिथं आपण कशाला, असं वाटायचं. आता तू स्वतःची खोली घेतली आहेस. नव्या वेळापत्रकाच्या पहिल्या रविवारी मी त्या बसमध्ये बसून पुढे यावं म्हणतो, तुझ्याकडे जेवायला. येऊ का?

तुझाच,
बाबा