माझ्या मूत्रपिंडांची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, शरीरक्रियाशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, वय चौऱ्याहत्तर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. दाब आहे तो फक्त रक्ताचा, आणि तो गोळी घेऊनही आज वरच होता.

१. राहते घर मुलीला द्यावे. स्वयंपाकघरातला गळका नळही आपोआप तिच्याकडे जाईल. आरामखुर्ची जावयांना. माझ्यासमोर ते तिच्यात बसायला कचरतात, आणि माझी पाठ फिरली की तिच्यातच घोरतात.

२. सूक्ष्मदर्शक, कात्र्या आणि बारीक चिमटे कासवाला. कासव म्हणजे प्रयोगशाळेतला माझा जुना जोडीदार. काम हळू, पण पक्के. उंदराच्या डाव्या मूत्रपिंडाचे चेतातंतू मी कापायचे, उजवे तुलनेसाठी तसेच ठेवायचे, आणि दोन्हींच्या लघवीतले मीठ त्याने मोजायचे, अशी आमची वाटणी. तंतू तुटले म्हणून मूत्रपिंड बंद पडत नाही. मीठ-पाणी धरून ठेवण्याचा हुकूम तेवढा पोचत नाही, म्हणून ते सढळ हाताने बाहेर सोडते. काही महिन्यांनी तंतू परत उगवतात आणि मूत्रपिंड हात आखडता घेते.

३. पुढे माझा रक्तदाब औषधांना दाद देईना, तेव्हा डॉक्टरांनी मांडीतून बारीक नळी घालून माझ्या दोन्ही मूत्रपिंडांकडे जाणारे तंतू जाळले. उजवी बाजू तुलनेसाठी सोडा, असे मी सुचवले होते, ऐकले नाही. रक्तदाब उतरला आणि काही वर्षांनी पुन्हा चढला. मी म्हणाले, "तंतू परत उगवलेत, आणि हुकूम सोडतायत." कासव म्हणाला, "उगवले असतील, पण त्यांच्यात दम नाही. वय झालंय तुझं, दुसरं काय." वय काढल्यावर मी त्याला दार दाखवले. तेव्हापासून तो चहाला येत नाही आणि मी बोलावत नाही. आम्हा दोघांचे सुंभ जळत आले, पीळ कायम आहे.

४. मृत्यूनंतर माझी दोन्ही मूत्रपिंडे तपासणीसाठी कासवाला द्यावीत. मुलगी म्हणते, "आई, मेल्यावर तरी भांडण सोड." पण अडचण वेगळीच आहे. त्याची नजर मंदावते आहे. ती जाण्याआधी मला मरावे लागेल, आणि ते एवढ्यात जमेलसे दिसत नाही. शिवाय काचपट्टीवर तंतू उगवलेले दिसतील, पण ते काम करत होते का, हे मेलेले मूत्रपिंड सांगत नाही. ते जिवंतपणीच बघावे लागते. हे त्यालाही ठाऊक आहे.

५. वकीलबाई सांगतात, ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार म्हणून सही केली, तर त्याचा वाटा बाद होतो. साक्षीदाराला सहीही माझ्यासमोर बसूनच करावी लागते. म्हणून दुसऱ्या साक्षीदाराची जागा रिकामी ठेवून याची प्रत कासवाकडे धाडत आहे. वाटा हवा असेल तर त्याने घरी बसावे. मला त्याची फार आठवण येते. हे कायद्याच्या भाषेत कसे लिहायचे, असे वकीलबाईंना विचारले, त्या म्हणाल्या, "असंच राहू द्या."

स्थळ: माझे जेवणाचे टेबल
दिनांक: १७ सप्टेंबर
सही: मृत्युपत्र करणारी

साक्षीदार पहिली: शेजारीण, परिचारिका.

साक्षीदार दुसरा: कासव. समोर बसून सही केली. वाटा बाद झाल्याचे समजले. उद्या सकाळची लघवी मृत्युपत्र करणाऱ्या बाईंनी टाकू नये. मीठ मोजायला मी येतो आहे.