बंद हीटरवर मोजलेला वायू

प्रति,
मा. बंदर सुरक्षा निरीक्षक,
बंदर कार्यालय, कालोनेरी, ग्रीस.

विषय : जहाजातून द्रवरूप नैसर्गिक वायू उतरवताना हीटर बंद ठेवून घटक-मोजणी केल्याबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे दोन अर्ज (अनुत्तरित).

महोदया,

१. मी येथील वायू-टर्मिनलवर रसायनतज्ज्ञ आहे. उतरणाऱ्या वायूत मिथेन किती व जड घटक किती, हे मोजणे माझे काम. त्यासाठी नमुन्याची हीटरवर एकदम वाफ व्हावी लागते. हीटर बंद असल्यास हलका मिथेन तेवढा पुढे येतो, जड घटक मागे राहतात आणि आकडा खोटा येतो.

२. हीटर आणि विभागप्रमुख श्री. स्टाथिस व्रेत्तोस यांचा एसी एकाच फ्यूजवर आहेत. दोन्ही लावले की फ्यूज उडतो. गेल्या जहाजाच्या वेळी माझी सुट्टी होती. साहेबांनी एसी निवडला. संध्याकाळी परतल्यावर हीटर बंद दिसला; मी जाब विचारता ते म्हणाले, "क्लिओबाई, गॅस तो गॅस. ऑगस्टात मी काय उकडून मरू?" आमचा वायू भट्टीत जाळणाऱ्या टाइल्सच्या कारखान्यास मी तत्काळ फोन लावला. तोवर त्या आकड्यावर हवा बेतून भट्टी पेटवलेली होती. जड घटक जळायला हवा जास्त लागते; ती अपुरी पडली, विषारी वायू कोंडला, चार कामगार कोसळले. त्यांत माझे पती अर्गिरिस होते. चमचा तोंडाशी नेताना त्यांचा हात अजून थरथरतो.

३. चौकशी श्री. व्रेत्तोस यांच्याकडेच सोपवण्यात आली. निष्कर्ष : मेरीमातेच्या सणाआधीच्या उपासामुळे कामगारांना भोवळ आली. माझ्या पतींनी लग्नापासून एकही उपास धरलेला नाही. त्या दिवशी डब्यात मटण मीच दिले होते. हे सांगताच साहेब म्हणाले, "मग देवाचा कोप लिहू का?" तेव्हा ते मोजणी-यंत्रावर ताटली ठेवून तळलेली माकुळे खात होते. मला त्यांची, त्या अहवालाची आणि त्यावर मुकाट सह्या करणाऱ्यांची किळस आली आहे. याला सरकारी शब्द असल्यास मला ठाऊक नाही.

४. आज नवे जहाज धक्क्याला लागले आहे. एसीची वायर काढून, हीटर लावून, मी मोजणी-खोलीस आतून कडी घातली आहे. माझ्या संमतीविना जहाजाचे नळ जोडता येत नाहीत. साहेब दाराबाहेर आहेत. आधी शिव्या देत होते, आता 'क्लिओताई' म्हणू लागले आहेत. आपण स्वतः येऊन मोजणी समक्ष करवून घ्यावी. त्याखेरीज कडी निघणार नाही.

हा अर्ज माझी सहकारी इओआना खिडकीतून घेऊन येत आहे. त्या अहवालावर तिचीही सही आहे. ती सही कशी घेतली, ते तिला विचारावे. ती सांगणार आहे.

आपल्या येण्याकडे डोळे लावून बसलेली,
क्लिओ मांदाली
दि. १३ ऑगस्ट