सासरहून आलेलं गवत

निर्मळ,
१२ सप्टेंबर १९९७

चि. सौ. सुरुचीस अ. उ. आ.

सुमेधराव मुंबईच्या कामाला आले, ते वाट वाकडी करून तू दिलेली कुंडी पोचवून गेले. तांबड्या तुऱ्यांचं ते गवत तुझ्या आईला भारी आवडलं. मला म्हणशील तर, अगं, वाडीतलं गवत उपटून उपटून ज्याची कंबर मोडली त्या बापाला लेक सासरहून गवतच धाडते, याला काय म्हणावं?

चेष्टा राहू दे. जीव टांगणीला लागलाय. कुंडी ओट्यावर ठेवल्यापासून तुझा बंड्या तिला खेटून पडलाय. काल दोन पाती चावली आणि ओकला. दूध तेवढं चाटतो, पण भाकरी नको, सुक्या बोंबलाच्या डोक्याकडेही बघत नाही. हे शोभेचं गवत कुत्र्याला विषारी तर नाही ना? शेजारचा मार्सेल म्हणतो, उपटून फेका. तू पाठवलेल्या वस्तूवर माझा हात धजत नाही. बंड्याला काही झालं तर तुला कोणतं तोंड दाखवू? तिकडे कुणा जाणत्याला विचारून लगेच कळव.

लोभ आहेच, उत्तराची घाई असावी.

तुझे बाबा

कोल्हापूर,
१८ सप्टेंबर

ती. बाबांस सा. न. वि. वि.

पत्र वाचता वाचता भाजी करपली. तशीच जनावरांच्या डॉक्टरांकडे धावले. माहेरच्या कुत्र्यासाठी डॉक्टर गाठणारी सून गल्लीत पहिलीच, असं सासूबाई सगळ्यांना सांगत सुटल्यात!

डॉक्टर म्हणाले, हे गवत विषारी नाही. पोट बिघडलं की कुत्री गवत चावतात, ओकतात. मात्र वाळलेल्या तुऱ्यांची कुसळं कानात, पंजात रुततात, म्हणून तुरे छाटा आणि कुंडी लांब ठेवा. तो अजून जेवत नसेल तर वसईच्या डॉक्टरांना दाखवाच. माझ्यासाठी म्हणून कुंडी जपू नका, बाबा. गवत इथे ढीगभर मिळतं, बंड्या एकच आहे.

आईला नमस्कार. माया आहे तशीच राहू द्या.

तुमची सुरुची

निर्मळ,
२४ सप्टेंबर

चि. सौ. सुरुचीस अ. उ. आ.

डॉक्टरांनी तपासलं, पोट, कान, पंजे सगळं ठणठणीत. तुरे छाटले आणि कुंडी केळींच्या पल्याड नेली. वाटलं, हा मागून येणार. कसला येतोय! माती सांडू नये म्हणून तू कुंडीला तुझी कॉलेजातली जांभळी ओढणी गुंडाळली होतीस ना, ती ओट्यावरच गळून पडली. तिच्यावर हनुवटी टेकून पठ्ठ्या पडून राहिला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. ओढणी त्याच्या गोणपाटावर अंथरली, तर संध्याकाळी अख्खी भाकरी खाल्लीन. गवत बिचारं फुकट बदनाम झालं.

मुका जीव गं. लग्न काय, सासर काय, त्याला कोण समजावणार? आम्हा माणसांचं बरं, आम्ही समजून घेतो.

सुमेधरावांना आशीर्वाद. लोभ असू दे.

तुझे बाबा

ता. क. सुरुची, हे मी आई लिहितेय. समजून घेतात म्हणे! दिवाळीपर्यंत थांबू नकोस, दसऱ्यालाच ये. काल ती ओढणी मळली म्हणून धुवायला उचलली, तर अंगावर गुरगुरत आले. बंड्या नव्हे गं, तुझे बाबा.